धुतलेली रुई

शाळेच्या बाई पिशवीतून कुंडी बाहेर काढेपर्यंत आत्यांनी आपलं ठरलेलं वाक्य म्हणूनही टाकलं होतं. "अळ्या निघाल्या ना? काही काळजी करू नका, बाई. बदलून देतो. आमच्याकडून सहसा असं होत नाही."

बाईंनी कुंडी बाकावर ठेवली. "नाही हो. अळ्या मेल्या."

"मेल्या ना?" आत्यांचा चेहरा उजळला. "मग झालं तर!"

"सगळ्या मेल्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा कापला की आत्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. नर्सरीच्या गल्ल्यावर बसून त्यांनी आजवर नाही नाही त्या तक्रारी ऐकल्या होत्या. पानाला भोक पडलं, कुंडीत गोगलगाय निघाली, फूल फोटोतल्यापेक्षा फिकट आलं. कीड मेली म्हणून रडत येणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी मदतीसाठी शेडभर नजर फिरवली. पण मदत करण्याच्या अवस्थेत तिथे कुणीच नव्हतं.

कारण तो दिवस वाटणीचा होता. हंगाम सुरू व्हायच्या आधी वर्षातून एकदा नर्सरी बंद ठेवून घरातले सगळे रोपं भरायच्या शेडमध्ये बसत आणि कुठला वाफा कुणी सांभाळायचा ते ठरवत. भांडायचं ते इथेच, मातीच्या ढिगाशेजारी, खताच्या पोत्यांवर बसून. एकदा घराचा उंबरा ओलांडला की त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा आप्पांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक होता. सगळ्यांचं बोलून झालं की आप्पा म्हणत, "अमका वाफा अमक्याकडे," आणि मग वर्षभर त्यात बदल नाही. यंदा मात्र काही दिवसांपासून आप्पांची पाठ धरली होती. मलम लावून घेऊन ते घरात आडवे झाले होते, "तुम्ही भांडून घ्या, मी शेवटाला येतो" असं सांगून.

भांडण मागच्या वाफ्यावर अडलं होतं. तो वाफा आप्पांच्या धाकट्या सुनेचा. डोक्यात पांढरे केस डोकावायला लागले तरी घरात तिचं नाव अजून 'नवी'च होतं. नर्सरीत पुढे सगळीकडे देशोदेशींची शोभेची झाडं रांगेनं उभी असत, रंगीत पानांची, मेणासारखी गुळगुळीत, इथलं कुठलंही पाखरू ज्यांना तोंड लावत नाही अशी. आणि मागे नवीनं बांधावरून, पडक्या भिंतींतून, रस्त्याच्या कडेनं आणून वाढवलेली इथलीच झाडं. रुई, एरंड, रानतुळस, आणि कुणी कधी नावही ठेवलं नाही अशी बारीक निळ्या फुलांची दोन-तीन. एक पान धड नाही. घरात त्याला 'खाल्लेला वाफा' म्हणत, आणि हे नाव दुसऱ्या कुणी नाही, आप्पांनीच ठेवलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी त्या वाफ्यात पाऊल टाकलं नव्हतं. थोरल्या दिरांना तिथे हिरव्या जाळीचं छप्पर घालून कचेऱ्यांना भाड्यानं द्यायचे पाम ठेवायचे होते.

नवीच्या हातात एकच हुकमाचं पान होतं, ते म्हणजे शाळेची ऑर्डर. कुणीतरी तिची झाडं मागितली होती, तीही मुद्दाम, फुलपाखरांच्या बागेसाठी. आज ती ऑर्डर सगळ्यांपुढे ठेवायची आणि म्हणायचं, बघा, याला गिऱ्हाईक आहे, असं तिनं मनाशी दहादा घोळवलं होतं. बोलायला तोंड उघडलं आणि नेमकं तेच गिऱ्हाईक कुंडी परत घेऊन दारात उभं राहिलं.

"बसा ना, बाई," ती म्हणाली.

बाई एका उपड्या घमेल्यावर बसल्या. "मुलांनी त्या अळ्या स्वतः वाढवल्या होत्या. खोक्यात. रोज शाळेत येताना रस्त्याकडेच्या रुईची पानं तोडून आणायची. तुमची रोपं आली, तेव्हा वर्गात नुसता गोंधळ. एकेकानं आपली अळी उचलून पानावर ठेवली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात, तर सगळ्या काळ्या पडून लोंबतायत." त्यांनी पदरानं नाही, हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं. "एक मुलगी मला म्हणाली, बाई, आपण तर त्यांना घर दिलं होतं ना? मी काय सांगणार तिला? मला वाटलं, तुम्हालाच विचारावं."

नवीनं कुंडी ओढून घेतली. रुईच्या पानावर पांढरी भुकटी असते, बोट फिरवलं तर धूळ बसलेल्या काचेवर उमटावी तशी रेघ उमटते. या पानांवर भुकटीचा मागमूस नव्हता. पानं हिरवीगार चमकत होती, जणू आत्ताच कुणी तेल लावून भांग पाडून शाळेत पाठवलीत. तिनं पान नाकाशी नेलं. साबण, आणि साबणाच्या मागून नाकात चढणारा तो वास.

"याला आंघोळ घातलीय," ती म्हणाली.

शेडमध्ये कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त बाईंना काही कळलं नाही. फाटकाशी एक निळा ड्रम असे. त्यात पाणी, साबण आणि किडींचं औषध. फाटकाबाहेर पडणारं प्रत्येक रोप, कुंडीच्या मातीवर तळहात दाबून, उलटं करून, त्या ड्रममध्ये बुडवून काढायचं. या घराची ती रीत होती. आंघोळ न घालता रोप गेलं, तर घराचं नाक कापलं गेलं. नवीच्या झाडांना मात्र आंघोळ घालायची नाही, असं गेल्या वर्षीच्या वाटणीत मोठ्या रामायणानंतर ठरलं होतं. डॉक्टरांनी सर्वांदेखत कबूल केलं होतं.

डॉक्टर म्हणजे थोरले दीर. औषधफवारणी त्यांच्याकडे असल्यामुळे हे नाव पडलं आणि हळूहळू त्यांचं त्यांनाच ते खरं वाटू लागलं. आता सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" डॉक्टर उसळले. "मी शब्द दिला होता! त्या वाफ्याकडे मी ढुंकूनही बघत नाही. मला तो वाफा नको आहे, हे मी तोंडावर सांगतो. मागून औषध घालायची मला काय गरज?"

"पण ड्रम तुम्हीच भरता, भाऊजी," नवी म्हणाली.

"भरतो. भरणं वेगळं, बुडवणं वेगळं. विहीर खणणाऱ्याला, कोण बुडालं ते विचारशील का?"

"अरे, पण गाडीत रोपं कुणी भरली?" आत्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर शोधून नवीच्या नवऱ्याकडे बघितलं. "छोट्या, तू भरलीस ना?"

छोट्या, म्हणजे नवीचा नवरा, पाइपच्या वेटोळ्यावर बसून इतका वेळ आपण इथे नाहीच अशा चेहऱ्यानं दोरी गुंडाळत होता. घरात भांडण लागलं की दोरी गुंडाळायची, हा त्याचा जुना उपाय. "हो, मीच भरली. पानं ओली होती. मला वाटलं, दव असेल."

"आणि आंघोळ?"

"नाही घातली." मग तो थांबला. त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "म्हणजे... नसेल घातली. घातली का मी?"

"अहो, तुम्हालाच विचारतोय आम्ही!" नवी म्हणाली.

"अगं, लहानपणापासून फाटकाशी आलो की हात आपोआप बुडवतो. मागे एकदा माझी जेवणाची पिशवी बुडवली होती मी, आठवतंय? त्या दिवशी सकाळी घाई होती. मी एकेक कुंडी उचलली, फाटकाशी आलो, आणि..." त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुढचं गाडीत ठेवलेलं आठवतं. मधलं काही आठवत नाही."

डॉक्टरांनी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्या दिवशी सकाळी तेही फाटकाशी होते, ड्रम भरून झाल्यावर. समोर कुंड्या ठेवलेल्या असताना आपण हात मागे बांधून उभे राहिलो, की दोन-चार बुडवून टाकल्या? त्यांच्या चेहऱ्यावर हा प्रश्न चढताना नवीला स्पष्ट दिसला. "मी... नाही बुवा," ते पुटपुटले. मघाचा जोर त्यात नव्हता.

आत्या म्हणाल्या, "मी तर तिथे गेलेच नव्हते," आणि क्षणभरानं, "की गेले होते? चाव्या आणायला?"

नवीचं डोकं चक्रावलं. गुन्हेगार सापडत नाही, असं तिनं ऐकलं होतं. इथे तर आपण गुन्हेगार आहोत की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आदल्या संध्याकाळी सगळ्या कुंड्या ड्रमजवळ तिनं स्वतःच आणून ठेवल्या होत्या. तिनं हळूच तळहाताचा वास घेऊन बघितला. आता इतक्या दिवसांनी त्याला कशाचा वास येणार होता?

बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. "माफ करा हं, पण तुमच्या घरात कोण काय करतं, हे कुणालाच माहीत नसतं का?"

"सगळं माहीत असतं, बाई," डॉक्टर म्हणाले. आता त्यांना मुद्दा सापडला होता आणि त्यांचा आवाज पुन्हा भरला. "आणि तेच तर मी सांगतोय. कुणी बुडवलं हा प्रश्नच नाही. या फाटकातून न बुडवलेलं रोप बाहेर जाऊच शकत नाही. हाडात भिनलंय ते आमच्या. मग असली झाडं आपण वाढवायची कशाला? आज अळ्या मेल्या, उद्या शाळा पेपरात देईल. नवी, राग मानू नकोस. तू चांगली आहेस, तुझी झाडंही चांगली असतील. पण या घरात ती चालायची नाहीत. वाफा सोड."

"बरोबर बोलतोय तो," आत्या म्हणाल्या. मघाशी त्या डॉक्टरांना अडकवायला निघाल्या होत्या. आता त्यांच्याच पोत्यावर जाऊन बसल्या. "नसती कटकट."

नवीला राग आला होता, पण डॉक्टरांचं बोलणं कुठे चुकतंय ते तिला दाखवता येईना. खरंच होतं ते. या घरात खाल्लेलं पान म्हणजे लाज. आणि तिच्या झाडांचं तर सगळं चांगलंपण खाल्लं जाण्यातच होतं. रुईचं पान अळीनं खाल्लं नाही तर फुलपाखरू येणार कुठून, आणि अळ्याच नसतील तर पाखरांनी पिल्लांच्या चोचीत काय भरवायचं, पामची पानं? हे तिनं गेल्या वर्षी सांगून पाहिलं होतं. तेव्हा आप्पा म्हणाले होते, "आपण रोपं विकतो, किड्यांना जेवायला घालत नाही," आणि सगळे हसले होते.

"मी चहा टाकते," जाऊबाई म्हणाल्या. डॉक्टरांची बायको. वाटणीच्या दिवशी त्या सहसा तोंड उघडत नसत. आपल्या काकडीच्या वेलांचा वाफा मिळाला की त्यांचं काम झालं. उठताना त्यांनी नवीला खुणावलं.

शेडच्या कोपऱ्यात स्टोव्ह होता. जाऊबाईंनी पातेलं चढवलं आणि पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "शोधू नकोस जास्त."

"म्हणजे? ताई, तुम्हाला ठाऊक आहे?"

"मी पहाटेच वेलांपाशी गेले होते त्या दिवशी. आप्पा होते ड्रमपाशी. एकेक कुंडी उचलायचे, उलटी करायचे, बुडवायचे. सगळ्या. मी म्हटलं, आप्पा, वाकू नका एवढं. तर म्हणाले, तू जा आपल्या कामाला." त्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं नि पुन्हा लावलं. "पाठ काय उगाच धरली त्यांची?"

नवीला पहिल्यांदा हे खरंच वाटेना. आप्पा? ज्यांनी त्या वाफ्याकडे कधी मान वळवली नाही, त्यांनी पहाटे उठून तिच्या रुईला हात लावला? आणि खरं वाटल्यावर राग असा आला की कानशिलं तापली. म्हणजे सगळं ठरवून. तोंडानं गेल्या वर्षी 'ठीक आहे, बुडवू नका' म्हणायचं, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की मुळावरच घाव घालायचा. इतका राग होता त्यांना त्या वाफ्याचा? मग सरळ नाही म्हणायचं होतं! आणि लगेच दुसरं मन म्हणालं, आप्पा असे नाहीत. कुणाचं वाईट करायचं, तेही पाठ मोडून घेत, हे आप्पांना जमणारं नाही. मग का केलं? तिला कळेना.

"तुम्ही बोलला का नाहीत मघाशी?" तिनं विचारलं.

"काय बोलू? सासऱ्यांचं नाव घेऊ, परक्या बाईंसमोर? आणि ह्यांच्या बाजूनं बोलू, की तुझ्या?" जाऊबाईंचा आवाज आणखी खाली आला. "तुझा वाफा जावा असं मला वाटत नाही गं. पूर्वी रोज सकाळी ब्रश घेऊन प्रत्येक काकडीच्या फुलाला हात लावत बसायचे मी, तेव्हा कुठे फळ धरायचं. तुझ्या त्या निळ्या फुलांवर मधमाश्या यायला लागल्या, तसा मी ब्रश टाकून दिला. पण हे ह्यांना सांगितलं, तर म्हणतील, बायको फितूर झाली."

दोघी चहा घेऊन परत आल्या, तेव्हा तिकडे निकाल लागलाही होता. छोट्या उभा होता.

"मी घातली आंघोळ," तो म्हणाला. "सवयीनं. मला आता आठवलं. झालं?"

त्याला काहीही आठवलेलं नव्हतं, हे नवीला त्याच्या कानांवरून कळलं. खोटं बोलताना त्याचे कान लाल होत. त्याला फक्त हे संपवायचं होतं. नवीनं ट्रे खाली ठेवला. एक शब्द बोलली असती तर नवरा सुटला असता, डॉक्टरांचा मुद्दा पडला असता, कारण मग हे हातून घडलेलं नव्हतं, जाणूनबुजून केलेलं होतं. पण तो शब्द आप्पांवर जाऊन पडला असता. या नर्सरीतल्या मातीत ज्यांनी हयात घातली, त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच शेडमध्ये. तिनं वाफ्याकडच्या खिडकीतून एकदा बघितलं आणि गप्प राहिली. वाफा गेला, हे तिनं मनातल्या मनात मान्य करून टाकलं.

"ठरलं तर मग," डॉक्टर म्हणाले. "बाई, तुमची रोपं आम्ही बदलून..."

"काय ठरलं?" दारातून आवाज आला. आप्पा चौकटीला धरून उभे होते, एक हात कमरेवर. बाईंना बघताच त्यांचा चेहरा खुलला. "तुम्हीच ना शाळेच्या? नमस्कार. रुई पोचली? अहो, काय चमकत होती! एकेक रोप मी स्वतः धुऊन दिलंय. एका पानावर डाग राहू दिला नाही. मुलांना आवडली ना?"

छोट्या उभ्याचा खाली बसला. डॉक्टर आपल्या वडिलांकडे बघत राहिले आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

मग जे झालं ते नवीनं पुढे कितीदा आठवलं, तरी तिला ते नीट उलगडलं नाही. मघापासून एकमेकांच्या नरड्याला लागलेली ही माणसं एका क्षणात एक झाली.

"हो हो, आवडली," आत्या म्हणाल्या. "त्या तेच सांगायला आल्यात."

"फार आवडली, आप्पा," डॉक्टर म्हणाले. "बसा तुम्ही. पाठ कशी आहे?"

"चहा घ्या, आप्पा," जाऊबाईंनी पेला पुढे केला.

बाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना काय कळलं कोण जाणे. "छान होती रोपं," त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि बाकावरच्या कुंडीपुढे आपली पिशवी ठेवली.

आता फक्त नवीचं 'हो' बाकी होतं. आप्पा तिच्याकडेच बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखे. तिला तेही समजेना. हे असे का बघतायत माझ्याकडे? हो म्हटलं असतं तर सगळं गोड झालं असतं. आप्पा खुश, बाई घरी. आणि शाळेसाठी नवी रोपं निघाली असती, तेव्हा आप्पांनी पुन्हा पहाटे उठून तीही धुतली असती, पाठ दुखत असताना, एक डाग न ठेवता.

"आप्पा," ती म्हणाली, "मुलांनी त्या रुईवर आपल्या अळ्या ठेवल्या होत्या. सगळ्या मेल्या."

"नवी!" डॉक्टर ओरडले.

आप्पांना आधी ते उमगलंच नाही. "मेल्या? मग मरणारच की. त्यासाठीच तर औषध." ते बाईंकडे वळले आणि तिथे त्यांना बाईंचा चेहरा दिसला. त्यांनी पिशवी बाजूला केली. चमकणारं पान त्यांनी बोटांत धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. "त्या अळ्या... हव्या होत्या का?"

"हो," बाई म्हणाल्या. "त्यांचीच तर फुलपाखरं होतात."

"ते माहितेय मला. म्हणजे, माहीत आहे." आप्पा गोंधळले. "पण अळी हवी म्हणून कुणी रोप नेतं? अळी म्हणजे... आयुष्यभर मी..." ते नवीकडे बघत म्हणाले, "मी मारल्या?"

"हो, आप्पा."

आत्यांनी तोंड फिरवलं. आप्पा पोत्यावर बसले, पाठीची काळजी न करता, धाडकन.

"मागे तू म्हणायचीस," ते नवीला म्हणाले, "गावात पूर्वीइतकी पाखरं दिसत नाहीत. मी हसलो होतो. या फाटकातून गेलेलं प्रत्येक झाड मी बुडवून पाठवलं. जवळजवळ प्रत्येक अंगणात आपलं झाड आहे." त्यांनी मान वर केली. "त्यामुळे का गं?"

नवीला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते माहीत नव्हतं. "मला नाही सांगता येणार, आप्पा. थोडं त्यामुळे असेल. नसेलही. आपली पुढची झाडं तशीही कुणी खात नाही, बुडवा की नका बुडवू. म्हणून तर मी मागे इथली झाडं लावली. खाणाऱ्यांना कुठेतरी पान हवं ना?"

"माझ्या काकड्या त्या वाफ्यावर जगतात," जाऊबाई अचानक म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की त्या स्वतःच दचकल्या. "मधमाश्या तिथून येतात. मी बोलले नाही, एवढंच."

डॉक्टरांनी बायकोकडे असं बघितलं, जणू खताच्या पोत्यानं तोंड उघडलं होतं. "तू? आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"विचारलंत कधी?"

डॉक्टर वडिलांकडे वळले. "आप्पा, ते राहू दे. पण मी म्हणत होतो तेच खरं ठरलं ना? आपल्या हातून हे सुटणार नाही. म्हणून म्हणतो, तो वाफा..."

"वाफा तिच्याकडे," आप्पा म्हणाले.

"पण तुम्हीच तर त्याला खाल्लेला वाफा म्हणता!"

"मग? खाल्लेलाच आहे. म्हणून काय काढून घ्यायचा? मी काढून घ्या म्हटलं कधी?" आप्पा सगळ्यांकडे अशा चेहऱ्यानं बघत होते, की हे लोक इतका वेळ कशावर भांडत होते, तेच त्यांना कळेना. "मागचा वाफा नवीकडे. ठरलं. आणि तिचं रोप ड्रमजवळून न्यायचं नाही. मागच्या दारानं न्यायचं. म्हणजे माझा हात पोचायला नको."

नवीला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की आनंद होईल. झाला नाही. तिच्या मनात तेच एक घोळत होतं. वाफा नको नव्हता, तर मग पहाटे उठून हे केलं का? विचारायची हिंमत होईना. ते बाईंनी विचारलं, न कळत.

"मुलांना मी काय सांगू?" बाई उठत म्हणाल्या. "माझ्यानं काही सांगवणार नाही."

"तुम्ही नका सांगू. मी येतो शाळेत," आप्पा म्हणाले. "केलं मी, सांगतो मीच."

"आप्पा, पोरं आहेत ती. वाट्टेल ते बोलतील," डॉक्टर म्हणाले.

"बोलू देत."

"ती एकच विचारतील," बाई म्हणाल्या. "आजोबा, का केलंत?"

आप्पांनी कुंडीची कड अंगठ्यानं पुसली. नवीकडे त्यांनी बघितलं नाही. घरात तिच्याशी असं काही बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"सांगेन," ते म्हणाले, "की पोरांनो, माझ्या सुनेचं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं. भोकं पडलेली पानं बघून तिला कुणी हसू नये, म्हणून."

नवीनं पेले गोळा करायला घेतले. त्यातले दोन अजून भरलेले होते, तेही तिनं ट्रेमध्ये ठेवले आणि चहा सांडला. तिला रडू येत होतं, आणि ते मुलांच्या अळ्यांसाठी येतंय की या म्हाताऱ्यासाठी, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.